गिफ्टेड लेक आणि आण्णांचा दाढीचा आरसा

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शाळांना जूनमध्ये सुट्टी लागते, म्हणजे नेमकी कोल्हापुरातल्या शाळा भरतात तेव्हा. त्यामुळं माझ्या लेकीला आजोळी खेळायला पोरं मिळतात ती संध्याकाळी पाचनंतर. तोवर ती, बाहेरचा पाऊस आणि आण्णा. आण्णा भुदरगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते.

लेक आता तिसरीत जाईल. आम्ही राहतो त्या फेअरफॅक्स काउंटीत दुसरीच्या मुलांची कॉगॅट नावाची चाचणी होते. ती, शिक्षकांचा अभिप्राय, मुलाच्या कामाचे नमुने हे सगळं बघून तिसरीपासूनच्या 'गिफ्टेड', म्हणजे जास्त हुशार मानलेल्या मुलांच्या वरच्या पातळीच्या वर्गासाठी मुलं निवडतात. सरकारी शाळेत, फुकट. लेकीचं नाव लागलं. तिकडच्या आमच्या मराठी मंडळींत पेढे वाटायचेच काय ते राहिले.

आण्णांना सरावाचं पुस्तक दाखवलं. (हो, घेतलं होतं. या चाचणीत उपजत कुवत कळते, तयारी करायची नसते असं सांगतात. आणि पुस्तकं तर ढिगानं खपतात.) त्यांनी चष्मा पुसून चार पानं उलटली. आकृत्यांचा क्रम, गटात न बसणारं पद, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल.

"अगं, ही तर आपली बुद्धिमत्ता चाचणी! स्कॉलरशिपची."

अगदी तीच. आमच्या वेळी चौथीला असायची. पण आण्णांच्या जादा तासाला येणाऱ्यांना कुणी गिफ्टेड म्हणत नव्हतं, ती 'स्कॉलरशिपला बसवलेली पोरं'. घोटून घेतलं की जमतं, असं गुरुजींपासून आयांपर्यंत सगळे धरून चालायचे. तिकडं तीच हुशारी जन्मजात मानतात आणि घोटून घेतात गुपचूप.

पुढं हायस्कूलला तर कोर्टबाजी. थॉमस जेफरसन हे आमच्या भागातलं विज्ञानाचं नामांकित सरकारी हायस्कूल. २०२० मध्ये त्याची प्रवेश परीक्षा बंद झाली आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतल्या १.५ टक्के मुलांइतक्या जागा त्या-त्या शाळेला मिळाल्या. पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचं प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. काही पालक कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मला विचाराल तर परीक्षा हवी होती. पण असती तर क्लासचे डॉलर मोजणाऱ्यांच्या रांगेत मीच पुढं असते, हेही कळतं.

आण्णांना कोर्टाचं काही वाटलं नाही.

"बाकीची पोरं तवर काय करत्यात?"

"त्यांचा नेहमीचा वर्ग असतो."

"म्हंजे सोपा?"

मी गप्प.

"शाहू महाराजांनी १९१७ ला शिक्षण सक्तीचं केलं ते समद्या पोरांसाठी."

"तुम्हीसुद्धा जादा तासाला दहाच जणांना थांबवायचा की, आण्णा."

"थांबवायचो," म्हणाले आणि पान उलटलं.

त्यांनी लेकीला स्कॉलरशिपचा प्रश्न घातला: आरशात घड्याळ ८ वाजून २० मिनिटं दाखवतंय, तर खरे वाजले किती? गिफ्टेड लेक अडली. आण्णांनी दाढीचा आरसा आणला, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काटे फिरवायला लागले. एवढ्यात शेजारचा, महापालिकेच्या शाळेतला पोरगा भिजलेलं दप्तर घेऊन दारात उभा.

"बारातनं वजा कर की. तीन चाळीस."

लेकीला काही ते पटेना. जेवायला हाका मारल्या तरी तिनं आरसा सोडला नाही.