सोने देऊन पितळ घेतले का?

रविवार, रात्री

मिशिगनमध्ये राहायला आल्यापासून बेसबॉलच्या ज्या सौद्याविषयी मी सर्वाधिक वेळा ऐकले आहे, त्याचाच विषय आज शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पुन्हा काढला. १२ ऑगस्ट १९८७ रोजी इथल्या डेट्रॉइट टायगर्स संघाने अटलांटा ब्रेव्ह्ज संघाकडून डॉइल अलेक्झांडर हा छत्तीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, घेतला आणि त्याच्या बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा मुलगा देऊन टाकला. मुलगा याच राज्यातला, लॅन्सिंगमध्ये वाढलेला. पुढे कारकिर्दीत त्याने २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखून दिलेले सामने) मिळवले, १९९६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला आणि २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. अलेक्झांडर मात्र १९८९ मध्ये १८ सामने हरून निवृत्त झाला. हे आकडे शेजारी शेजारी मांडले, की सोने देऊन पितळ घेतले असेच कोणीही म्हणेल.

मला ते पटत नाही. त्या ऑगस्टमध्ये टायगर्ससमोर असलेला स्मोल्ट्झ हॉल ऑफ फेममधला नव्हता. ग्लेन्स फॉल्सच्या दुय्यम संघात ४ सामने जिंकून १० हरलेला, चेंडूवर ताबा नसलेला तो एक होतकरू पोरगा होता, आणि संघाला विजेतेपदाच्या शर्यतीत टिकण्यासाठी त्याच आठवड्यात पिचर हवा होता. अलेक्झांडरने आल्यावर ९ सामने जिंकले, एकही हरला नाही. २७ सप्टेंबरला, सलग तीन पराभवांनंतर टोरांटोमध्ये सगळे संपल्यात जमा असताना, एरवी नऊ इनिंगमध्ये संपणाऱ्या सामन्यात तो अकराव्या इनिंगपर्यंत चेंडू टाकत राहिला आणि तो सामना तेराव्या इनिंगमध्ये टायगर्सने जिंकला. शेवटी गटात टायगर्स टोरांटोच्या संघापुढे राहिले ते केवळ दोन सामन्यांनी. त्या नऊ विजयांतून दोन जरी वजा केले, तरी काय उरते?

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, मिनेसोटाविरुद्ध अलेक्झांडर आपले दोन्ही सामने हरला, हे खरे आहे, आणि शेजाऱ्यांचे दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यानंतर टायगर्सला पुन्हा प्लेऑफ पाहायला २००६ साल उजाडावे लागले. परंतु नंतर कळलेल्या गोष्टी हाताशी घेऊन आधीच्या निर्णयाला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

मी त्यांना विचारले, ४ ऑक्टोबरला, टोरांटोविरुद्धच्या त्या शेवटच्या निर्णायक सामन्याच्या दिवशी, तुम्ही कुठे होतात? ते स्टेडियममध्येच होते. लॅरी हर्नडनच्या होमरनची एकुलती एक धाव आणि फ्रँक टनानाने नऊ इनिंग तोलून धरलेला तो १-० चा सामना. टनानाने शेवटचा घरंगळत आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे कसा हळुवार फेकला, ते दाखवताना त्यांचा हात गुडघ्याजवळून अलगद वर आला आणि क्षणभर तसाच हवेत राहिला.

स्मोल्ट्झचे नाव त्यानंतर त्यांनी काढले नाही.