वायर उपटली की पॅनिक

पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राचा यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला त्या यंत्राशी बोलता करणारा प्रोग्रॅम, पणजीच्या ऑफिसात माझ्या गळ्यात पडला. चालायचा छान. फक्त फाइल उघडी असताना वायर उपटली, की लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, कधीतरी कोसळायचं. यालाच पॅनिक म्हणतात. हे ‘कधीतरी’च छळतं. मी दहादा उपटली तरी ढिम्म. टेस्टिंगवालीने हात लावला की पहिल्याच झटक्याला पॅनिक.

कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या स्लबचं पॉयझनिंग चालू केल्यावर रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी दिसलं. पॉयझनिंग असलं की मोकळ्या केलेल्या मेमरीत कर्नल हाच ६बी बाइट भरतं. मेमरीच्या चुका पकडणाऱ्या केसॅनने जागाही दाखवली: वायर निघाल्यावर चालणाऱ्या डिस्कनेक्टमध्ये मी केफ्रीने मेमरी सोडून मोकळा, आणि उघड्या फाइलचा क्लोज मागाहून त्याच पत्त्यावर.

मग केरेफ घातला, म्हणजे ऑब्जेक्ट किती जणांनी धरलंय ते मोजणारा काउंटर. यंत्र जोडल्यावर चालणाऱ्या प्रोबचा एक, प्रत्येक ओपनचा एक. शेवटचा बाहेर पडेल त्याने कुलूप लावायचं, म्हणजे रिलीज चालवून मेमरी सोडायची. दोन दिवस मी खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी लॉगमध्ये ताकीद: शून्यात बेरीज, यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेल्या मेमरीचा वापर. २०१७ मध्ये केरेफच्या आतला रेफकाउंट-टी हा सावध काउंटर कर्नलमध्ये आला म्हणून निदान ओरडला तरी. जुना साधा ॲटॉमिक काउंटर शून्याचा एक करून गुपचूप पुढे गेला असता. सगळे गेट (धरणं) आणि पुट (सोडणं) मी कागदावर जुळवले. हिशेब चोख!

ऑफिसातल्या एका जुन्या माणसाला फोन लावला. ते म्हणाले, “तुझी मोजणी बरोबर आहे रे. पण यादीत जो पॉइंटर पडलाय, तो कोणी मोजलाय?” ओपन ज्या यादीत यंत्राचं ऑब्जेक्ट शोधतो, तिच्यातही त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, होता.

संध्याकाळी रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत चढलो. रॅम्प उचलायला लागला तरी एक जण धावत आलाच, आणि खलाशाने त्याला हाकललं. माझ्या ड्रायव्हरमध्ये हाकलणारा कोणी नव्हता. एका सीपीयूवर शेवटचा पुट होऊन काउंट शून्यावर यायचा आणि रिलीज यादीतून नाव काढायला तिच्या म्यूटेक्ससाठी, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपासाठी, खोळंबायचं. तो म्यूटेक्स दुसऱ्या सीपीयूवरच्या ओपनकडे. त्याला यादीत तेच मेलेलं ऑब्जेक्ट सापडायचं आणि तो गेट करायचा. ज्याने आधीच धरलंय त्यालाच काउंट वाचवतो. धरायला निघालेल्याला नाही.

खात्री करायला शून्य आणि म्यूटेक्स यांच्यामध्ये मुद्दाम एमडिले, म्हणजे छोटा थांबा, टाकला. एका स्क्रिप्टने ओपन-क्लोज, दुसरीने सिसएफएस या कर्नलच्या फाइलींमधून अनबाइंड-बाइंड, म्हणजे वायर न उपटता ड्रायव्हर सोडवणं-जोडणं. आता दर मिनिटाला ताकीद. इतका आनंद मला बग सुटल्यावरही झाला नाही.

दुरुस्ती लहान होती: यादीतून काढणं डिस्कनेक्टमध्येच, म्यूटेक्स धरून. मग यादीत आहे तोवर प्रोबचा रेफरन्स जिवंत असतो, काउंट शून्य होऊच शकत नाही. यादीतून काढणं रिलीजमध्येच ठेवायचं असतं तर काउंट शून्य नसेल तरच धरणारा केरेफ-गेट-अनलेस-झिरो लागला असता.

उत्साहाच्या भरात पोलिंगचं, म्हणजे यंत्राला पुन्हापुन्हा विचारण्याचं, डिलेड वर्कही त्याच म्यूटेक्सच्या आत सिंक कॅन्सल केलं, म्हणजे चालू असेल तर संपेपर्यंत थांबून रद्द. तोच म्यूटेक्स त्या वर्कलाही हवा होता. दोघे एकमेकांची वाट पाहत बसले आणि १२० सेकंदांनी कर्नलने हंग टास्क, म्हणजे अडकलेलं काम, म्हणून तक्रार केली. कॅन्सल कुलपाबाहेर काढला, एमडिले तसाच ठेवून दोन्ही स्क्रिप्ट रात्रभर चालवल्या.

सकाळी टेस्टिंगवाली आली. काही न विचारता तिने वायर उपटली, पुन्हा लावली, पुन्हा उपटली, आणि चहाला गेली.