तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा तो चष्मेवाला शिकारी

आमच्या शूटिंग रेंजच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागे एक फोटो आहे. फोटो कसला, जुन्या मासिकातलं पान आहे, कापून फ्रेम करून घेतलेलं. काठाची हॅट, चष्मा, हातात बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, मागे डोंगर. नवीन पालक अ‍ॅडमिशनला येतात, फॉर्म भरता भरता वर बघतात आणि विचारतात, सर हे कोण? मी सांगतो जॅक ओ'कॉनर, अमेरिकेतला लेखक, शिकारीवर आणि बंदुकांवर लिहायचा. मग पुढचा प्रश्न ठरलेला, की तुम्ही तर शिकार करत नाही, पोरांना कागदावर नेम धरायला शिकवता, मग शिकाऱ्याचा फोटो कशाला? मागच्या महिन्यात एका ताईंनी जरा रागानेच विचारलं, की लहान मुलं येतात इथे, त्यांच्यापुढे हा आदर्श का? त्यांची मुलगी बाजूला उभी होती, त्यांना घाई होती, मी काहीतरी अर्धवट बोललो आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं. म्हणून आता नीट लिहितो.

सुरुवात निफाडला आजोळी झाली. मी बारा वर्षांचा, मामाची एअरगन, दिवाळीची सुट्टी. विहिरीजवळच्या बाभळीवर एक होला, कबुतरासारखा पक्षी, बसला होता आणि मी खरं तर नेम धरलाच नव्हता, म्हणजे नळी त्या दिशेला केली आणि चाप ओढला एवढंच. छर्रा लागला पण नीट लागला नाही. तो खाली पडला आणि एक पंख आपटत गोल गोल फिरत राहिला, मातीत त्याच्या पंखाने रेघा उमटल्या होत्या, त्या मला आजही काढून दाखवता येतील. मला त्याला उचलायचीही हिंमत झाली नाही. शेवटी आजोबा आले, त्यांनी एका हाताने त्याला शांत केलं, मला ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "मारायचं नव्हतं तर उचलली कशाला, आणि मारायचं होतं तर असं का मारलंस?" त्यानंतर मी कशावरही, जिवंत कशावरही, बंदूक धरली नाही.

पण बंदुकीचं वेड गेलं नाही. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल हातात आली आणि मी परत त्यात गेलो. त्याच सुमाराला देवळाली कॅम्पात एका रद्दीवाल्याकडे इंग्रजी मासिकांचा गठ्ठा सापडला, लष्करातल्या कुणीतरी बदली झाल्यावर विकलेला असणार. 'आउटडोअर लाइफ' नावाचं मासिक, साठच्या दशकातले अंक, पानं पिवळी पडलेली, वाळवीने कडा खाल्लेल्या. किलोच्या भावाने घेतले. इंग्रजी यथातथाच होतं, डिक्शनरी घेऊन बसायचो, एका पानाला तास लागायचा. आणि त्यात हा माणूस भेटला.

ओ'कॉनरचा जन्म 1902 चा, अ‍ॅरिझोनातला, म्हणजे वाळवंटातला. आधी तो पत्रकारितेचा प्राध्यापक होता, कादंबऱ्याही लिहिल्या, मग नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायला लागला. या मासिकात तीसेक वर्षं तो बंदुकांचं सदर चालवायचा, 1972 पर्यंत. आता तुम्ही म्हणाल बंदुकांवर काय लिहायचं असतं, नळी किती लांब, गोळी किती जड, कॅटलॉग छापल्यासारखं. बरेच जण तसंच लिहितात. हा तसा नव्हता. हा आधी डोंगर सांगायचा, वारा कुठून येतोय ते सांगायचा, सोबतचा घोडेवाला कसा आहे, सकाळी चहाकॉफीला काय होतं, गुडघे कसे बोलतायत, आणि रायफल कुठेतरी मध्ये, हातातल्या काठीसारखी यायची. रानमेंढ्यांच्या मागे तो आयुष्यभर फिरला, मेक्सिकोच्या सोनोरापासून पार वर युकॉनपर्यंत. या मेंढ्यांची नजर भयंकर तीक्ष्ण, दिवसदिवस चढायचं, दुर्बिणीतून बघत बसायचं आणि बरेचदा गोळी न झाडताच खाली यायचं. आणि तो न झाडलेल्या गोळीबद्दल पानंच्या पानं लिहायचा, हे माझ्यासाठी नवीन होतं.

त्याचं नाव ज्या काडतुसाशी कायमचं जोडलं गेलंय ते .270 विंचेस्टर. 1925 साली कंपनीने बाजारात आणलं. सोपं करून सांगतो, अमेरिकन लष्कराचं जे थर्टी-ओ-सिक्स काडतूस, त्याच घराण्यातली पुंगळी, फक्त मान आवळून बारीक केलेली आणि त्यात हलकी गोळी, 130 ग्रेनची, म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आत. हलकी म्हणून वेगात जाते, वेगात जाते म्हणून लांबवर कमी खाली पडते, आणि खांद्याला धक्का माफक. धक्का माफक हे महत्त्वाचं. कारण धक्क्याला घाबरणारा माणूस ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो, आणि गोळी भलतीकडे. हे मी एनसीसीत धिप्पाड पोरांच्या बाबतीतही पाहिलंय. ओ'कॉनरचं म्हणणं आयुष्यभर एकच होतं, की गोळी केवढी यापेक्षा ती कुठे लागली याला महत्त्व आहे, तेव्हा जी रायफल तुम्हाला शांतपणे झाडता येते ती घ्या.

याच्या उलट बाजूला एल्मर कीथ. तोही बंदुकांवर लिहिणारा मोठा माणूस, तोही आयडाहो राज्यातच राहायचा, ओ'कॉनर लुइस्टनला आणि कीथ सॅमनला. कीथचं मत, गोळी जड पाहिजे, मोठी पाहिजे, खोलवर गेली पाहिजे. दोघांचं वर्षानुवर्षं छापील भांडण चाललं आणि आपल्याकडे जसं गावसकर मोठा की तेंडुलकर यावर घरं दुभंगतात तसे तिकडे वाचक दुभंगले. कीथला मी खोटा म्हणणार नाही. घनदाट झाडीत मोठं जनावर तिरपं पळत असताना हलकी गोळी कमी पडू शकते, हे त्याने स्वतः अनुभवलेलं होतं. पण मला ओ'कॉनर जवळचा वाटतो तो यासाठी, की स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काडतुसाचीही त्याने आंधळी वकिली केली नाही. एकच रायफल घ्यायची तर थर्टी-ओ-सिक्स जास्त कामांना पुरते असं तो सरळ सांगायचा. आणि बायकोच्या नेमाचं कौतुक तो मोकळेपणाने करायचा, त्या काळात, त्या मर्दानी मासिकात. एलिनॉर तिचं नाव. तिची आवडती रायफल होती 7 बाय 57 माउझर, .270 पेक्षाही सौम्य, आणि ती घेऊन ती आफ्रिकेत जाऊन आली.

आता इथे मला थांबवत नाही म्हणून सांगतोच. हे 7 बाय 57 काडतूस जर्मन, 1890 च्या दशकातलं. लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच काडतूस .275 रिग्बी या नावाने विकलं. आणि .275 रिग्बी कुणाकडे होती? जिम कॉर्बेटकडे! चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये त्यांना ती भेट मिळाली आणि रुद्रप्रयागचा बिबट्या 1926 मध्ये त्यांनी तिनेच मारला. म्हणजे कुमाऊंचा तो माणूस आणि आयडाहोची ती बाई, दोघांच्या चेंबरमध्ये एकच काडतूस. हे मला ज्या रात्री कळलं त्या रात्री मी उठून दिवा लावून कॉर्बेट आणि ओ'कॉनर, दोघांचंही लिखाण परत चाळलं होतं.

आणि चंपावतच्या वाघिणीचा विषय निघालाच आहे तर. 436 माणसं तिच्या नावावर आहेत, आधी नेपाळात 200 आणि मग कुमाऊंत 236. कॉर्बेटने तिला मारल्यावर तोंड उघडून बघितलं तर उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले, वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कुणीतरी कधीतरी झाडलेल्या गोळीने. तिला नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटने लिहून ठेवलंय. कुणाची गोळी ते कधीच कळलं नाही. मला वाचताना तो होला आठवला. त्या माणसानेही बहुधा माझ्यासारखंच केलं असणार, नळी त्या दिशेला केली आणि चाप ओढला.

तर ताई, मी या माणसाकडून शिकलो ते हे. न झाडणं. आणि ते मी तुमच्या मुलीला रोज शिकवतो.

दहा मीटर एअर रायफलमध्ये काय असतं ते पालकांना सहसा ठाऊक नसतं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छर्ऱ्यापेक्षा ठिपका नऊ पट बारीक. साठ शॉट्स, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर पंचाहत्तर मिनिटं. पोरांना वाटतं वेळ कमी आहे, मारत सुटा. वेळ कमी नसतो. रायफल उचलली, श्वास सोडला, सात-आठ सेकंदात साइटमधलं काळं वर्तुळ स्थिर नाही झालं तर झाडायचं नाही, खाली घ्यायची, खांदा सैल करायचा, परत उचलायची. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात उचललेली रायफल न झाडता खाली घेणं पोरांना सगळ्यात जड जातं, कारण इतका वेळ धरली आता मारूनच टाकू असं होतं, आणि नेमका तोच शॉट आठवर जातो.

आमच्याकडे सिन्नरकडची एक मुलगी येते, पहाटेच्या एसटीने. हिवाळ्यात हात इतके गार पडलेले असतात की आधी दहा मिनिटं कपाला हात लावून बसते. तिचा नेम उत्तम, घाई फार. जानेवारीत एका सरावात मी तिच्यामागे स्टूल टाकून बसलो आणि सांगितलं, आज मार्क मोजणार नाही, आज तू किती वेळा खाली घेतेस ते मोजणार. पहिला अर्धा तास एकदाही घेतली नाही. मग एकदा घेतली, माझ्याकडे बघितलं, मी काही बोललो नाही. पुढच्या शॉटला तिने तीन वेळा उचलली, तीन वेळा खाली घेतली, कपाळावर त्या थंडीत घाम, चौथ्यांदा उचलली तेव्हा खांदा खाली उतरलेला मला मागून दिसला, आणि ट्रिगर कधी दाबला ते तिलाही कळलं नसावं. 10.6, म्हणजे ठिपक्याच्या जवळपास मधोमध. रायफल स्टँडवर ठेवून ती म्हणाली, सर, त्या तीन वेळा मला झाडावंसं वाटत होतं.

2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य आणलं, पोरगा कोल्हापूरकडचा पण घडणीची वर्षं नाशकातली, तेव्हापासून चौकशीचे फोन वाढलेत. त्यातले काही वेगळेच असतात. निफाड, सिन्नर, पळसे भागातले शेतकरी विचारतात, सर, बिबट्यासाठी बंदूक शिकवता का? त्यांच्यावर मी चिडत नाही. ज्याच्या उसात मादी पिल्लं घेऊन बसलीय आणि ज्याला रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला जायचंय त्याच्या भीतीवर कुणी चिडू नये. मी एवढंच सांगतो, की 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या बिबट्याबद्दलही निर्णय वनखात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनीच घ्यायचा असतो, आणि मग चंपावतच्या वाघिणीचे सुळे सांगतो. जखमी करून सोडलेला बिबट्या गावाला किती महागात पडेल हे सांगितल्यावर बहुतेक जण गप्प होतात, वनखात्याचा नंबर घेतात.

आता राहिली एक गोष्ट, ती लपवली तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ओ'कॉनर भारतात आला होता. वाघ मारायला. तेव्हा ते कायदेशीर होतं, शिकारीच्या कंपन्या होत्या, परदेशी पाहुणे यायचे, पण वाघ तो वाघच. त्याबद्दलचं त्याचं लिखाण मी वाचलंय आणि मला ते आवडत नाही. लिहिलंय सुंदर, तरी आवडत नाही, दोन्ही खरं आहे. 1972 ला इकडे कायदा झाला आणि त्याच वर्षी त्याने तिकडे मासिक सोडलं, पुढच्या वर्षी आपला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. जानेवारी 1978 मध्ये हवाईहून परतताना बोटीवर तो गेला. आज तो भेटला असता तर वाघाबद्दल मी त्याच्याशी भांडलो असतो आणि मग त्याच्या पाया पडलो असतो, कारण मला रायफल खाली घ्यायला त्यानेच शिकवलं, हे मी नाकारू शकत नाही. ती वाघाची पानं मी फाडून टाकलेली नाहीत, आठवी-नववीच्या मुलांना ती वाचायला देतो आणि काय वाटलं ते विचारतो. एकाने सांगितलं, सर, मेंढ्यांच्या लेखात तो किती थांबतो, इथे का नाही थांबला? मला उत्तर देता आलं नाही.

फोटो भिंतीवरच राहणार आहे. मासिकं ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे, रविवारी सराव संपला की कुणीही या, बसून वाचा, ताई तुम्हीही या, चहा मी करतो. घरी मात्र देत नाही. एकदा दिला होता, 1966 चा अंक, रानमेंढ्यांच्या चित्राचं कव्हर, पाठीला मी खाकी कागद चिकटवलेला. कुणाच्या माळ्यावर असेल तर आणून कपाटावर ठेवा, मी काही विचारणार नाही.