माळ्यावरचे पाने

गावच्या घराच्या माळ्यावरून आजोबांची गंजलेली अवजारं खाली काढली. त्यातले नट-बोल्ट पिळायचे पाने रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून तारेच्या ब्रशने घासले, तशी अक्षरं वर आली. एकावर ‘३/८ डब्ल्यू’. हा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापपद्धतीचा पाना, जुन्या इंग्रजी बनावटीच्या यंत्रांचा! यावरचा आकडा तोंडाचं माप सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. ३/८ इंच म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटर, पण माप घ्यायचा व्हर्निअर लावला तर तोंड भरतं १८.

पेरताना बी सोडायचं लाकडी चाडंही निघालं. तळाला तीन भोकं, म्हणजे तिफणीचं, तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचं. जितके फण तितकी भोकं. लांब, सपाट पातं म्हणजे कुळवाची, रान भुसभुशीत करायच्या अवजाराची फास, हे तर पाहताक्षणी कळलं. यातलं काहीही किलोवर भंगारात घालायला माझा जीव धजत नाही. आकडा कोरलेला आणखी एक पाना अजून ओळखायचा राहिलाय.