रबरी पंप (प्लंजर) नसताना तुंबलेला संडास मोकळा करायचा तर

पहिली गोष्ट, पुन्हा फ्लश करू नका. भांडं काठापर्यंत भरलं असेल तर आधी मग्याने थोडं पाणी काढून बादलीत घ्या.

मग अर्धा कप भांडी घासायचं लिक्विड ओता आणि 20-30 मिनिटं थांबा. साबणाने अडकलेला मळ निसरडा होतो. त्यानंतर अर्धी बादली गरम पाणी कमरेच्या उंचीवरून एका धारेत ओता. पाणी हात सोसेल इतकंच गरम हवं; उकळतं ओतलं तर चिनीमातीला तडा जाऊ शकतो. खरं काम धारेच्या जोराचं असतं, थेंबथेंब ओतून काही होत नाही. दोन-तीनदा करावं लागतं.

तरी हललं नाही तर जुन्या पोछ्याला जाड प्लास्टिक पिशवी घट्ट बांधून भोकात बसवा आणि खालीवर दाबा. हाच घरगुती पंप. पॅड किंवा कापड अडकलं असेल तर मात्र साबण निरुपयोगी; टोक वाकवलेल्या तारेने ते ओढूनच काढावं लागतं.

ॲसिड टाळा. ब्लीचशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू होतो, शिवाय सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात.

गोव्यात पावसाळ्यात आणखी एक भानगड: जमिनीतलं पाणी वर आलं की सोकपिट (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) पाणी शोषत नाही. न्हाणीघराच्या जाळीतूनही गुडगुड ऐकू आली, तर दोष भांड्यात नाही, बाहेरच्या चेंबरमध्ये किंवा टाकीत आहे. तेव्हा टाकी उपसणाऱ्यालाच बोलवा.