भेंडीची पिल्लं

ओहायोत आम्ही राहतो तिथे फोर-एच या मुलांच्या क्लबमधली बरीच मुलं वर्षभर एखादा प्राणी सांभाळतात आणि उन्हाळ्यात काउंटी फेअरला, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेतल्या प्राण्यांच्या शोला, घेऊन जातात. लेकीने ससा निवडला, नेदरलँड ड्वॉर्फ या खुज्या जातीचा. पूर्ण वाढ झाली तरी अडीच पौंडांच्या आत, म्हणजे सव्वा किलोसुद्धा नाही. डोकं गोल, आणि कान जेमतेम दोन इंच.

एका जाणत्या बाईंकडून काळाकुळकुळीत नर आणला, तीळ. त्याच्या जोडीला इवलीशी मादी, खडीसाखर. निघताना बाईंनी आणखी एक मादी हातात ठेवली. अंगाने थोराड, कान लांब. "ही शोला चालणार नाही, पण पिल्लांसाठी ठेवा," म्हणाल्या. लेकीने तिचं नाव ठेवलं भेंडी. मी त्या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

आम्ही तीळ आणि खडीसाखरेची जोडी लावली. दोघं छोटे, मग पिल्लंही छोटीच होणार, असा सरळ हिशोब. अठ्ठाविसाव्या दिवशी पेटीत गवत घालून दिलं. खडीसाखरेने आपल्याच अंगाची लोकर उपटून त्यात मऊ गादी केली आणि एकतिसाव्या दिवशी चार पिल्लं झाली. त्यातलं एक बाकीच्यांच्या निम्म्याने. डोकं मोठं, कमरेपासून मागे आवळल्यासारखं, कान पार मागे. मी त्याला तळहातावर घेऊन खडीसाखरेच्या पोटाशी धरत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गार लागलं. लेक शाळेतून येईपर्यंत मी ते रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

बाईंना फोन केला तेव्हा नीट कळलं. अशा पिल्लाला इथे 'पीनट' म्हणतात. खुजेपणाचं एक जनुक एकाच पालकाकडून आलं तर तो गोंडस छोटा ससा होतो. दोघांकडून आलं तर पिल्लू जगत नाही, कितीही जपा. दोन्ही पालक खुजे असतील तर सरासरी चारात एक पिल्लू असं. भेंडीत ते जनुकच नाही, म्हणून ती थोराड. तिची तीळशी जोडी लावली तर निम्मी पिल्लं छोटी, निम्मी तिच्यासारखी, पण पीनट एकही नाही. हे आधी विचारायला हवं होतं, ही रुखरुख मला अजून आहे. खडीसाखरेची जोडी आम्ही पुन्हा तीळशी लावली नाही.

भेंडीला पाच पिल्लं झाली, पाचही जगली. दोन छोटी निघाली.

त्यातल्या काळ्या नराला शोला न्यायचं ठरलं. डाव्या कानात नंबर टॅटू करून घेतला. त्याने अंग चोरलं तसं लेकीनेही. मग रोज संध्याकाळी दहा मिनिटं टेबलावर सराव: मान वर, पुढचे पाय हलके टेकलेले, अंग गोळा. ओढून बसवलं तर ससा ताठरतो, हात नुसता छातीखाली ठेवून वाट पाहावी लागते. मला त्या दहा मिनिटांची फार ओढ लागली. आदल्या रात्री लेकीने एकेक नख उजेडात पाहिलं, कारण रंगीत सशाचं एक नख जरी पांढरं निघालं तरी तो बाद होतो.

परीक्षकांनी त्याला उलटा धरून दात पाहिले, नखं पाहिली, कानाची लांबी मोजली, उलट्या दिशेने लोकरीवरून हात फिरवला. त्याच्या वर्गात तो तिसरा आला. खांदे अजून भरायला हवेत, असं त्यांनी सांगितलं आणि ते खरंच होतं.

घरी येऊन लेकीने त्याच्या वंशावळीचा कागद भरला. आईच्या रकान्यात नाव आणि वजन लिहायचं असतं. तिने भेंडीला काट्यावर ठेवलं आणि लिहिलं: भेंडी, तीन पौंड.