फेरियादोचे सोळा दिवस

चिलीमध्ये नोकरी संपली की कामगाराचा शेवटचा हिशेब ज्या कागदावर होतो त्याला ‘फिनिकितो’ म्हणतात. उरलेला पगार, भरपाई, शिल्लक रजेचे पैसे, सगळं त्यात येतं. नोकरी सुटल्यापासून दहा कामकाजी दिवसांच्या आत तो तयार करून पैसे हातात द्यायचे, असं तिथला कामगार कायदा सांगतो. पुण्यात हिंजवडीला बसून आम्ही दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांचे पगार बघतो. माझं काम भाषेचं: स्पॅनिश कागद वाचायचे आणि अडलेल्याला अर्थ सांगायचा.

सप्टेंबर २०२५ मधला तो मंगळवार, तारीख १६. सांतियागोतली एक बाई ९ तारखेला नोकरीतून बाहेर पडली होती. तिचा फिनिकितो आमच्या तपासणीत अडकला आणि एक ओळ लाल होऊन माझ्याकडे आली: ‘फेरियादो प्रोपोर्सिओनाल, १६ दिवस’. शेरा होता, सार्वजनिक सुट्ट्यांचे पैसे मासिक पगारात दिलेले आहेत, दुबार रक्कम वगळावी.

शेरा लिहिणारी माझी सहकारी ब्राझीलचे पगार बघते आणि कामात अतिशय चोख आहे. पोर्तुगीजमध्ये वार्षिक रजा म्हणजे ‘फेरियास’ आणि सार्वजनिक सुट्टी म्हणजे ‘फेरियादो’. अर्जेंटिनातही फेरियादो म्हणजे सार्वजनिक सुट्टीच. आमच्याकडे बाहेरून करून घेतलेला शब्दांचा तक्ताही तेच सांगत होता, आणि त्यात देशाचा रकानाच नव्हता. चिलीतला रस्त्यावरचा माणूसही सुट्टीच्या दिवसाला फेरियादो म्हणतो आणि रजेवर जाताना ‘वाकासिओनेस’वर जातो. कायद्याच्या कागदावर मात्र गोष्ट उलटते. कामगार संहितेचं ६७ वं कलम वार्षिक हक्काच्या रजेला ‘फेरियादो आनुआल’ म्हणतं, वर्षाला १५ कामकाजी दिवस, पूर्ण पगारी. (दक्षिण टोकाच्या मागायानेस आणि आयसेन प्रदेशांत आणि पालेना प्रांतात २० दिवस.) सार्वजनिक सुट्टीच्या दिवसांना तीच संहिता ३५ व्या कलमात ‘फेस्तिवो’ म्हणते. म्हणजे आम्ही कापायला निघालो होतो ती त्या बाईने काम करून कमावलेली रजा होती.

मी सहकारीला म्हणाले, ‘‘अगं, ही सुट्टी नाही, रजा आहे.’’ मराठीत एवढं पुरतं. सुट्टी कॅलेंडरवर सगळ्यांसाठी छापलेली असते, रजा आपल्या खात्यात साठते आणि नोकरी सोडताना तिचे पैसे मागता येतात. तिला लगेच पटलं, आणि तिने पुढचा प्रश्न विचारला तोही बरोबर होता. वर्षाला १५ दिवस, तर महिन्याला सव्वा दिवस. बाई १० जानेवारीला लागली, ९ सप्टेंबरला गेली, आठ महिने झाले, म्हणजे १० दिवस. मग १६ कुठून आले?

इथे मला खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसावं लागलं, कारण हा हिशेब कॅलेंडर समोर ठेवूनच समजतो. रजा कामकाजी दिवसांत साठते, पैसे मात्र कॅलेंडरच्या दिवसांचे द्यायचे असतात. बाई नोकरीत असती आणि दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेली असती तर ती कधी परतली असती, असं धरून मोजायचं. मधले शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या रजेत खर्ची पडत नाहीत, पण त्यांचे पैसे मिळतात. रजेच्या हिशेबात शनिवार नेहमी बिनकामाचा धरावा, असं ६९ वं कलम सांगतं. आम्ही बोट ठेवून मोजत गेलो. १०, ११, १२ सप्टेंबर, तीन दिवस झाले. शनिवार-रविवार. १५, १६, १७, सहा झाले. १८ आणि १९ तारखेला चिलीचा राष्ट्रीय उत्सव, ‘फिएस्तास पात्रियास’. पुन्हा शनिवार-रविवार. मग २२ ते २५, दहा पूर्ण. १० ते २५ सप्टेंबर, दोन्ही धरून १६.

उत्सव नसता तर तीच मोजणी २३ तारखेला संपली असती आणि १४ दिवसांचे पैसे मिळाले असते. म्हणजे या एका आकड्यात फेरियादोचे दोन्ही अर्थ होते: बाईची साठलेली रजा आणि त्या रजेच्या मधे आलेल्या दोन सार्वजनिक सुट्ट्या. आमच्या शेऱ्याने दुसरा अर्थ धरून पहिल्याचे पैसे उडवले असते. हे मी सहकारीला दाखवलं तेव्हा ती बराच वेळ कॅलेंडरकडेच बघत राहिली.

घाई होती ती त्याच उत्सवामुळे. चिलीत बुधवार दुपारपासूनच कचेऱ्या रिकाम्या व्हायला लागतात आणि मग थेट सोमवार उजाडतो. सांतियागोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. तिथल्या हिशेबनीसाशी फोनवर बोलून आम्ही शेरा मागे घेतला, मोजणीचं पान जोडलं आणि त्याच रात्री १६ दिवसांची पूर्ण रक्कम बँकेच्या यादीत चढवली.

तक्ता मात्र तसाच ठेवणं मला मान्य नव्हतं. एका ओळीला एक शब्द ही मांडणीच मी मोडायला लावली. आधी देश, मग कागद कायद्याचा की रोजच्या वापराचा, आणि मगच शब्द. शेजारी दिवस कसले तेही लिहायचं, कारण पैसे तिथेच चुकतात. स्पेनमध्ये वार्षिक रजा किमान ३० दिवस, पण ते ‘नातुरालेस’, म्हणजे शनिवार-रविवार धरून. अर्जेंटिनात पहिली पाच वर्षं १४ दिवस, तेही सलग मोजायचे, पण तिथे त्यांना ‘कोर्रीदोस’ म्हणतात. मेक्सिकोत २०२३ पासून पहिल्या वर्षानंतर १२ दिवस, पूर्वी सहा होते, आणि हे कामाचे दिवस. हे आकडे शेजारी नसतील तर ‘वाकासिओनेस’ हा शब्द बरोबर लिहूनही काही उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

नव्या तक्त्यात ‘बाहा’ या शब्दाला मी लाल रंग दिला. स्पेनमध्ये आजारपणाच्या रजेवर असलेला माणूस ‘बाहा’वर असतो. मेक्सिकोत एखाद्याला ‘बाहा’ दिली म्हणजे त्याचं नाव पगारपत्रकातून काढलं. तिथे आजारपणाच्या रजेला ‘इनकापासिदाद’ लिहायचं, आणि चिलीत ‘लिसेन्सिया मेदिका’.